एकतीस माणसांचा फोटो

कुटुंबाची आणि फोटो काढणाऱ्या मुलीची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. गावाचं नाव गाळलं आहे, नात्यांत थोडी अदलाबदल केली आहे. वेळा आणि कॅमेऱ्याचे आकडे मात्र तिच्या कार्डावरच्या फायलींमधून घेतले आहेत. आठवणीवर विसंबलो नाही, कारण या प्रकरणात प्रत्येकाची आठवण वेगळी निघाली, माझीसुद्धा.

पार्श्वभूमी

साताऱ्यात माझा लहानसा स्टुडिओ आहे. पुढे पासपोर्ट फोटो आणि लॅमिनेशन, मागे एक पडदा आणि दोन लाइट. ही मुलगी २४ वर्षांची, बी.कॉम. झालेली. दिवसा एका दुकानात हिशेब लिहायची आणि रविवारी माझ्याकडे यायची. सात महिन्यांपूर्वी तिने जुना डीएसएलआर विकत घेतला होता, एपीएस-सी सेन्सरचा (म्हणजे मोठ्या फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर), त्याच्याबरोबर मिळते ती १८-५५ मिलीमीटरची लेन्स. फुलं, घाट, पावसातली एसटी असे फोटो पुष्कळ काढून झाले होते. माणसांचे फार नाहीत. पैसे घेऊन तर एकही नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये तिच्या मैत्रिणीच्या घरून बोलावणं आलं. वाई तालुक्यातलं गाव, कृष्णेपासून चालत दहा मिनिटांवर जुना चौकाचा वाडा. आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन होतं. (दोन पौर्णिमांमध्ये सरासरी साडेएकोणतीस दिवस; हजार पौर्णिमा भरायला ८० वर्षं आणि वर दहा महिने लागतात.) ठरलेली कामं दोनच: पूजेचे आणि ओवाळणीचे फोटो, आणि सगळ्या घराचा मिळून एक मोठा फोटो. मानधन ६,००० रुपये, त्यात १६ बाय २४ इंचाची एक फ्रेम आणि ८ बाय १२ चे पाच प्रिंट. सगळं बोलणं फोनवर, कागदावर एक ओळ नाही.

मोठ्या फोटोच्या हट्टामागे एक जुना फोटो होता. १९६२ सालचा, याच चौकात, देवघराच्या दारासमोर काढलेला. आजोबा त्यात १९ वर्षांचे, मागच्या रांगेत डावीकडून दुसरे, खांबाला हात लावून उभे. पुढे सतरंजीवर बसलेल्या पाच वर्षांच्या एका मुलीचं डोकं हललं आहे. चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरट फराटा. ती आजोबांची धाकटी बहीण. आता ६७ वर्षांची, अख्ख्या घराची आत्या. आजोबा म्हणाले होते, "आपल्याला तस्सा पाहिजे." आत्यांनी पुस्ती जोडली, "तस्सा, पण या खेपेला मला तोंड असू दे."

अडचण

माणसं ३१. सगळ्यात लहान बाळ ११ महिन्यांचं. ठाण्याची मंडळी साडेदहाला पोहोचणार होती, नाशिककर चारला निघणार होते. म्हणजे सगळी एकत्र सापडण्याची वेळ साडेपाच तास. त्यात पूजा सव्वाबारापर्यंत आणि पंगती एकपासून अडीचपर्यंत.

ती आदल्या दिवशी वाडा बघून आली. हे शहाणपणाचं होतं, नवखी मंडळी तेवढंही करत नाहीत. पण गेली संध्याकाळी साडेपाचला. त्या वेळी चौकात ऊन नव्हतं, देवघरासमोर सगळीकडे सारखा उजेड. तिने मैत्रिणीला तिथे उभं करून चार फोटो काढले, सुरेख आले, आणि जागा पक्की झाली असं समजून ती परत आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीच जागा रखरखीत उन्हात. फेब्रुवारीच्या मध्याला आपल्याकडे भरदुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ६० अंशांवर असतो. आणि भरदुपार म्हणजे घड्याळातले बारा नव्हेत. वाईच्या बाजूला त्या दिवसांत मध्यान्ह होते पाऊण वाजून गेल्यावर. देवघर उत्तरेला, म्हणजे त्याच्यासमोर बसणाऱ्यांची तोंडं थेट सूर्याकडे. डोळे बारीक, खोबणीत काळोख, नाकाखाली मिशी नसलेल्यालाही मिशी. चौक अंदाजे २४ फूट बाय २२. दक्षिणेच्या सोप्याची उंची पंधरा-सोळा फूट, त्यामुळे त्याच्या पायथ्याशी नऊएक फुटांचा सावलीचा पट्टा. बाकी चौक पांढराफटक.

जुना फोटो मी नंतर भिंगाखाली धरून पाहिला. त्यात एकाच्याही नाकाखाली सावली नाही. म्हणजे तो बहुधा सकाळी काढलेला, ऊन चौकात उतरायच्या आत. उजेड कमी, म्हणून शटर रेंगाळलं, आणि तेवढ्यात पाच वर्षांच्या आत्यांनी मान वळवली. कोणत्या वेळी काढायचा याचं उत्तर त्या फोटोतच होतं. तिने तो फोटो माणसं मोजायला पाहिला, उजेड बघायला पाहिला नाही. मीही तो त्याआधी मोबाइलवर पाहिला होता आणि "छान आहे" एवढंच म्हणालो होतो.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय, आजोबा म्हणतात तिथेच, देवघरासमोर. त्यांचा मान राहिला असता, फोटो गेला असता.

दुसरा, कृष्णेचा घाट. हा तिच्या मनात फार होता, आणि का ते मला कळतं. घाटाच्या पायऱ्या म्हणजे आयत्या रांगा. कुणाच्या डोक्यामागे कुणाचं डोकं लपत नाही. संध्याकाळी पाचनंतर तिथला उजेडही मऊ. पण आजोबांचा एक गुडघा बदललेला, आणि पाच वाजता नाशिककर परतीच्या रस्त्याला लागलेले असणार. घाट बाद.

तिसरा, वाड्यामागचं आंब्याचं झाड. दाट सावली बघून लोक हमखास झाडाखाली जातात. पण पानांमधून गळणारे उन्हाचे कवडसे चेहऱ्यांवर कोडासारखे दिसतात, आणि ते नंतर कॉम्प्युटरवर घालवता घालवता जीव जातो. हे तिला माहीत होतं. पावसाळ्यात एका पुतणीच्या फोटोवर ती ठेचकाळली होती.

चौथा, दक्षिणेचा सोपा. माणसं सावलीच्या पट्ट्यात, तोंडं उत्तरेकडे. समोरच्या उत्तर भिंतीवर ऊन पडलेलं, आणि ती भिंत चुन्याची. म्हणजे तीच भिंत मोठ्या रिफ्लेक्टरसारखी सगळ्यांच्या तोंडावर उजेड टाकणार. सोप्याचं जोतं दीड फूट उंच, तिथे मागची रांग आपोआप वर. मला विचाराल तर दुपारच्या वेळी त्या वाड्यात याच्याइतकी चांगली जागा दुसरी नव्हती, आणि ती तिने स्वतः हेरली. पूजा चालू असताना पंधरा मिनिटं ती नुसती चौकात फिरून आपला तळहात डोळ्यांसमोर धरून बघत होती. तळव्यावरच्या सावल्या जिथे मावळतात तिथे चेहरेही चांगले येतात, ही युक्ती मी तिला शिकवली होती. तेवढं एक माझ्या खाती जमा.

वेळेचे पर्याय दोनच उरले: जेवणाआधी पाऊण वाजता, नाहीतर जेवणानंतर पावणेतीनला. जेवणानंतर साड्या चुरगळतात, जिलबी-मठ्ठ्याने डोळे जड होतात, आजोबांची झोपेची वेळ होते. तिने जेवणाआधीची वेळ घेतली. कुणीही तीच घेतली असती. पण जेवणाआधीच्या अर्ध्या तासात घरातलं कुणीतरी हटकून स्वयंपाकघरात असतं, हे त्या वेळी तिच्या हिशेबात आलं नाही.

काय केलं

आधी आजोबांना सोप्याकडे वळवायचं होतं. तिने कॅमेऱ्यातला उन्हातला फोटो त्यांना दाखवला. त्यांना तो दिसला तर दिसला, पटला नाही. मग ती आत्यांकडे गेली. आत्यांनी भावाच्या कानाशी जाऊन एवढंच म्हटलं, "दादा, मागल्या वेळी देवाकडे पाठ करून बसलो होतो. या वेळी तोंड करून बसू." आजोबा उठले आणि काठी घेऊन सोप्याकडे निघाले. नवख्या माणसाने उजेडाचं शास्त्र समजावत बसू नये, घरातला एक माणूस हाताशी धरावा. तो घरच्या भाषेत काम करून देतो. आजोबांना ऐकूही कमी येतं. म्हणून आत्यांनाच शेजारच्या खुर्चीवर बसवलं, आणि क्लिक करायच्या आधी त्यांनी आजोबांच्या गुडघ्यावर थाप मारायची असं ठरलं.

मग रांगा. पुढे सतरंजीवर पोरं, मागे सात खुर्च्या, त्यामागे उभी रांग, शेवटची रांग जोत्यावर. तिने आधी जोडीजोडीने उभं करायला घेतलं. त्यात काय झालं तर थोरल्या काकू, ज्यांचे यजमान चार वर्षांपूर्वी गेले, आपण होऊन टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. कुणी सांगितलं नव्हतं. जोडीने उभं करायला लागलं की एकटी माणसं कडेला जातात, दर वेळी. त्यातून १८ मिलीमीटरला, म्हणजे लेन्स सगळ्यात रुंद बघते तेव्हा, कडेचा माणूस आडवा ताणला जातो, गाल आणि दंड फुगतात. तिने स्क्रीनवर थोरल्या काकूंचा ताणलेला चेहरा पाहिला आणि जोड्या मोडल्या, वयाप्रमाणे बसवलं. थोरल्या काकू आजोबांच्या डाव्या हाताला आल्या. कडेला दोन सडपातळ कॉलेजकुमार उभे केले, त्यांचं काही बिघडत नाही.

लेन्सचा प्रश्न होताच. चौकात उभं राहून १८ शिवाय सगळे मावत नव्हते. तिने मागे सरकून, उत्तरेकडच्या माजघराच्या दारात शिरून उभं राहायचं ठरवलं. अंतर १६ फुटांवरून २१ फुटांवर गेलं आणि २४ मिलीमीटरला काम भागलं. चेहरे सुधारले. एफ/८, १/१६० सेकंद, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ४००. एफचा आकडा मोठा, तितकी जास्त खोली स्पष्ट येते. सगळ्या रांगा लख्ख.

आणखी एक गोष्ट जवळून सांगण्यासारखी आहे. आजोबांना गेलेल्या आजींची तसबीर मांडीवर घ्यायची होती. मांडीवरची तसबीर मागे पोटावर कलते आणि काचेत आभाळ उतरतं. पहिल्या तीन फ्रेममध्ये आजींच्या जागी पांढरा चौकोन आहे. तिने आजोबांच्या गळ्यातलं उपरणं काढून त्याची घडी केली आणि तसबिरीच्या मागे, वरच्या बाजूला सरकवली. तसबीर उभी झाली. आता काचेसमोर आलं माजघराचं काळोखं दार, आणि आजी दिसायला लागल्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मला स्वतःला असल्या वेळी आजवर फ्रेमची काच काढून ठेवायचं एवढंच सुचत आलं आहे.

डोळे मिटण्याचा हिशेबही तिने वाचून ठेवला होता. निक स्वेन्सन आणि पिअर्स बार्न्स या ऑस्ट्रेलियातल्या दोघांना २००६ चं गणिताचं इग नोबेल (आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस) यावर मिळालं आहे: माणसं वीसपेक्षा कमी असतील आणि उजेड चांगला असेल, तर माणसांच्या संख्येला तीनने भागा, तेवढे फोटो काढले की एकात तरी सगळ्यांचे डोळे उघडे सापडण्याची खात्री धरता येते. एकतीसला हा नियम लागू नाही, म्हणून तिने आपल्या मनाने १४ काढले. १२ वाजून ४९ मिनिटांपासून १२:५४ पर्यंत. अकराव्या फोटोत सगळ्यांचे डोळे उघडे, बाळ समोर बघतंय, आत्यांना तोंड आहे.

काय निसटलं

१२:४७ ला ती माजघराच्या दारात पोहोचली तेव्हा दारात एक बाई उभ्या होत्या. सुती साडी, पदर खोचलेला, हातात झारा. ही म्हणाली, "काकू, जरा आत सरता का? मला मागं यायचंय." त्या "हो, हो" म्हणाल्या, आत सरल्या, वाटेतली परातही उचलून बाजूला घेतली.

त्या मधल्या काकू होत्या. घरातली मधली सून, वय ५२, आणि यादीतल्या ३१ पैकी एक. अकरा वाजता याच मुलीने त्यांचा चौघांचा फोटो काढला होता, तेव्हा त्या पैठणीत होत्या. पूजा झाल्यावर साडी बदलून पापड-कुरडया तळायला बसल्या, कारण भात-भाज्या आचाऱ्याने केल्या तरी पापड पंगत बसताना ताजाच लागतो. आणि पंगत फोटोनंतर लगेच बसायची होती. तिने त्यांना आचाऱ्याच्या हाताखालची बाई समजलं.

काकू का बोलल्या नाहीत? त्यांना वाटलं, ही जागा बघतेय, मांडणी चाललीय, खरा फोटो घ्यायच्या वेळी हाक येईल. कढई गॅसवर होती. आत्यांनी माणसं घरागणिक बोलावली, "थोरल्याचे या, मधल्याचे या." मधले काका आले, मुलगा-मुलगी आले, रांगेतली एका माणसाची फट शेजारच्याने सरकून भरली. काकूंची मुलगी पुढच्या पोरांना आवरण्यात गुंतलेली. मोजलं कुणीच नाही. फोटोग्राफर मुलीच्या खिशात ३१ नावांचा कागद होता. आदल्या रात्री मैत्रिणीकडून तिने तो मुद्दाम लिहून घेतला होता.

फोटो काढून झाल्यावर पंगती बसल्या. पापड कुरकुरीत होते, असं ती सांगते.

संध्याकाळी

सव्वासहाला टीव्हीला लॅपटॉप जोडून सगळ्यांनी फोटो पाहिले. नाशिककर गेले होते, ठाणेकरांतले काही गेले होते. अकरावा फोटो आला तसे सगळे "वा" म्हणाले. मग मधल्या काकूंची मुलगी, पंधरा वर्षांची, म्हणाली, "आई कुठाय?"

फोटोग्राफर मुलगी सांगते की त्यानंतर पडद्यावर माणसं शोधायला जो तो पुढे सरकला. जणू नीट पाहिलं तर काकू सापडतीलच. काकूच म्हणाल्या, "असू दे गं. पापड कोण तळणार होतं?" आणि चहाचे कप गोळा करायला लागल्या.

७:१० ला तिचा मला फोन आला. रडत नव्हती, पण आवाज बसला होता. मी स्टुडिओवाल्याचं उत्तर दिलं: उद्या दुपारी पावणेएकला काकूंना पैठणी नेसवून त्याच जागी उभं कर, कॅमेरा त्याच दारात, तीच लेन्स, त्याच उंचीवर, आणि फोटोशॉपमध्ये लावून टाक. उजेड तोच असल्याने शिवण दिसणार नाही. तंत्र म्हणून यात काही चूक नव्हती. घरातल्या पुरुषमंडळींनीही तिला आधीच हेच सांगितलं होतं, "कॉम्प्युटरवर बसवून टाक की."

तिने दुसरा पर्याय विचारला, पैसे परत करायचे का. मी म्हटलं, कुणी मागितले नाहीत तर विषय काढू नकोस. हा सल्लाही आज देणार नाही.

मग ती स्वयंपाकघरात गेली आणि काकूंना विचारलं. दिवसभरात त्यांना काही विचारण्याची तिची ही पहिलीच वेळ. आधी कबूल केलं की मीच तुम्हाला आत सरा म्हणाले, मी ओळखलं नाही. काकूंना ते आठवत होतं. म्हणाल्या, "मी तिथं नव्हतेच, तर चिकटवायचं कशाला? उद्या सकाळी जे असतील त्यांच्यात काढ. पोरांना शाळेला उशीर झाला तर होऊ दे."

परिणाम

दुसऱ्या दिवशी सोमवार. सकाळी ८:२० ला चौकात ऊन उतरलेलं नव्हतं. सोप्याकडे जायची गरजच नव्हती. आजोबांना हवं होतं तिथेच, देवघराच्या दारासमोर, १९६२ च्या जागी सगळे बसले. उजेड वरून, थंड आणि सारखा. २२ माणसं होती. आत्यांनी प्रत्येकाच्या डोक्यावर टिचकी मारत मोठ्याने मोजलं, बावीस म्हणाल्यावर पुन्हा उलटं मोजलं, आणि गॅस बंद आहे का ते बघायला नातवाला आत पिटाळलं. आयएसओ ८००, एफ/५.६, नऊ फोटो. मधल्या काकू मधल्या रांगेत, खुर्चीवर, पैठणीत. आजोबांनी खांबाला हात लावून उभं राहायचा हट्ट धरला आणि दोन फ्रेमपुरते उभे राहिलेही.

ही बहुधा १९६२ चीच वेळ आणि १९६२ चाच उजेड होता, पण तो योगायोगाने मिळाला. नऊ माणसं त्यात नाहीत.

भिंतीवर, जुन्या फोटोशेजारी, हा दुसरा लागला. पहिला सगळ्यांच्या मोबाइलवर आहे. पैसे ५,००० मिळाले. उरलेले हजार कुणी दिले नाहीत आणि हिने मागितले नाहीत. प्रिंट, फ्रेम आणि एसटीचा खर्च वजा जाता तिच्या हाती फार काही राहिलं नाही.

एक तक्रार मागाहून आली, आणि ती माझ्यामुळे. कार्यक्रमाला जाताना मी तिला माझी ५० मिलीमीटरची लेन्स दिली होती आणि म्हणालो होतो, "उघडी ठेव, मागचं मस्त धूसर होतं." तिने चार कुटुंबांचे वेगवेगळे फोटो तिच्यावर काढले, एफ/१.८ वर, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून, तेरा फुटांवरून. तिच्या कॅमेऱ्यावर या अंतरावर स्पष्ट राहणारी खोली जेमतेम दीड फूट. त्यातली निम्मी फोकस केलेल्या माणसाच्या पुढेच जाते. फोकस खुर्चीवरच्या माणसांवर, मागे दोन-सव्वादोन फुटांवर उभी असलेली माणसं मऊ पडली. मोबाइलवर कळलं नाही. ८ बाय १२ च्या प्रिंटवर धाकट्या काकांनी चष्मा लावून पाहिलं आणि विचारलं, "मी एवढा पुसट का?" एका माणसाला दिलेला सल्ला मी दोन रांगांना देऊन बसलो होतो. एफ/५.६ ठेवलं असतं तर काका शाबूत राहिले असते. ते दोन प्रिंट मी माझ्या खर्चाने बदलून दिले, म्हणजे त्यातल्या त्यात बरी फ्रेम शोधून. पुसट काका अजून थोडे पुसटच आहेत.

पुन्हा करायचं झालं तर

वेळ बदलायला हवी होती, असं माझं मत आहे. पावणेतीनला फोटो ठेवला असता तर पंगती उठलेल्या, गॅस बंद, सगळ्या बायका मोकळ्या. साड्या चुरगळल्या असत्या, आजोबांची झोप पाऊण तास पुढे गेली असती. त्याला आजोबांनी नाही म्हटलं नसतं. त्यांना कुणी विचारलंच नाही, "त्यांना त्रास नको" असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. मुलीचं मत वेगळं आहे. तिच्या मते पाऊणची वेळ बरोबर होती, फक्त पापड आधी तळायला सांगायचे किंवा पंगत वीस मिनिटं पुढे ढकलायची. आमचा यावर अजून वाद होतो.

आदल्या दिवशी जागा बघायला जायचं तर फोटोच्या घटकेलाच जायचं, यावर दोघांचं एकमत आहे. ते जमत नसेल तर होकायंत्र उघडून दक्षिण कुठे ते बघायचं, बाकीचा अंदाज बांधता येतो.

आणि यादी. तिच्याकडे होती. खिशात होती. १४ फोटो काढताना डोळे, बाळ, तसबीर, कडेचे चेहरे हे सगळं तिने तपासलं, आणि जे शाळेच्या सहलीत मास्तर बसमध्ये चढल्या चढल्या करतात ते राहिलं. मी याचं खापर तिच्यावर फार फोडत नाही. कॅमेऱ्यातून बघणाऱ्याला चौकटीत काय आहे ते दिसतं. चौकटीत काय नाही ते बघायला कॅमेरा खाली घ्यावा लागतो, आणि समोर ३० माणसं उभी असताना कॅमेरा खाली घ्यायला फार धीर लागतो. मला तो यायला दहा वर्षं लागली. आता तिने नावं वाचायचं काम घरातल्याच एखाद्या मोठ्या आवाजाच्या पोराला द्यायचं ठरवलं आहे. त्यानंतरच्या दोन कामांत दिलं, आणि दुसऱ्या कामात गाडी लावायला गेलेला जावई त्यामुळे सापडला.

झाऱ्याच्या प्रसंगाबद्दल तिने स्वतः काही निष्कर्ष काढलेला नाही, मीही तिच्या वतीने काढत नाही. एवढं खरं की आता कुठल्याही घरी गेल्यावर ती चप्पल काढून आधी स्वयंपाकघरात डोकावून येते.

नंतर

मे महिन्यात मधल्या काकू साताऱ्याला आल्या होत्या, तेव्हा स्टुडिओत आल्या. माहेरी द्यायला दुसऱ्या फोटोची प्रत हवी होती. फाइल शोधताना पडद्यावर आधी पहिला फोटो उघडला, अकरावी फ्रेम. मी सहज तसबीर मोठी करून बघत होतो, उपरण्याची युक्ती किती साधली ते. आजींच्या गडद साडीवर, काचेत, दाराचा काळोख आहे. त्यात कॅमेरा धरलेल्या मुलीचे कोपर, आणि तिच्या खांद्यामागे एक फिकट पिवळी उभी पट्टी.

मी म्हटलं, "काकू, सुती साडी कुठल्या रंगाची होती त्या दिवशी?"

"पिवळी," त्या म्हणाल्या. वाकून पाहिलं, चष्मा वर करून पुन्हा पाहिलं. "छे, दाराची चौकट असेल." मग फ्रेमला काच कुठली घालता, साधी की चकाकी नसलेली, आणि दोन्हींत फरक किती रुपयांचा, ते विचारलं.